शेपटीची इ

१४ ऑगस्ट, मंगळवार

पाहुण्यांच्या वहीत आज माझा उल्लेख आला. ‘गाडी वेळेवर होती.’ म्हणजे गाडीचा आला, पण गाडी आपोआप वेळेवर येत नाही.

त्याच पानावर फ्लोकीचं नाव चार वेळा आहे. एका बाईने त्याच्या नावाभोवती किरण काढून सूर्य केला आहे. मे महिन्यापासूनची सगळी पानं पाहिली. फ्लोकी एकसष्ट वेळा, गाडी तीन वेळा, केटिल, म्हणजे मी, दोन वेळा, त्यातल्या एका ठिकाणी चुकीच्या अक्षरांनी.

असं मोजत बसणं बरं नव्हे, हे मला कळतं.

आणि वही ठेवायची कल्पना माझीच होती! सोलरूनने, माझ्या मामेबहिणीने, वसंतात सोळा जणांची गाडी घेतली आणि ‘एका दिवसात धबधबा, हिमनदी आणि ज्वालामुखी’ अशी सहल सुरू केली, तेव्हा मी म्हणालो की आपल्याकडे डोंगराच्या माथ्यावरसुद्धा पेटीत नाव लिहायला वही असते, मग गाडीत हवीच. तिला पटलं. फक्त बोलायचं काम तिने मला दिलं नाही. ‘तू माणसांना आकडे सांगतोस केटिल, आणि त्यांना थंडी वाजायला लागते,’ म्हणाली. बोलायला तिने पश्चिमेच्या खाड्यांकडचा फ्लोकी आणला. मी गाडी चालवतो, बुटांखाली लोखंडी काटे बांधून देतो आणि चौदा गेले तर चौदा परत आले का, ते पाहतो.

आज मी गाडी नेहमीप्रमाणे तोंड वाऱ्याकडे करून उभी केली आणि सांगितलं, दार दोन्ही हातांनी धरा. पाहुण्यांनी धरलं. फ्लोकीने धरलं नाही. दार मागे उलटलं, बिजागरी वाकली. सगळे हसले, तोही हसला. दुरुस्ती मी केली, ४० मिनिटं.

बर्फावर त्याने एक काळी रेघ दाखवून ती १९१८ च्या, कात्ला ज्वालामुखीच्या राखेची, असं सांगितलं. ती २०१० ची आहे, आणि ती कात्लाची नाहीच. मी तसं म्हणालो. कुणी ऐकलं नाही, कारण तेवढ्यात त्याने हिमनदीच्या टोकाकडे हात केला आणि म्हणाला, ‘बघा, बर्फ मागे चाललंय, पण पाठ फिरवत नाही. पाद्रीबुवांच्या खोलीतून गडी निघतो ना, तसं.’

एकाने टोपी काढली.

ते वाक्य आजोबांचं आहे. मी नऊ वर्षांचा असताना त्यांनी ते मला सांगितलं होतं, आम्ही दोघंच होतो. मी ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे फ्लोकीला त्यांनीच सांगितलं असणार.

१९ ऑगस्ट, रविवार

क्रोकुरला, म्हणजे आजोबांच्या शेतघरी, कॉफीला गेलो. मी तिथेच वाढलो. आई नॉर्वेला गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. मे महिन्यापासून मी हमरस्त्यावरच्या गाडीच्या शेडवरच्या खोलीत राहतो, कारण कुणीतरी गाडीजवळ हवं. माझी क्रोकुरची खोली फ्लोकीला दिली आहे. या भागात नोकरमाणसांना जागाच मिळत नाही, हे खरं आहे.

मी पोचलो तेव्हा घरात कुणी नव्हतं. दोघं मागच्या गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बसले होते. आजोबा मोठ्याने हसत होते. एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाने गरम पाण्यात इतकं हसणं हृदयाला चांगलं नाही.

‘ये की आत,’ फ्लोकी म्हणाला, जणू कुंड त्याच्या बापाचं.

मी म्हणालो, टॉवेल आणलेला नाही. आजोबा म्हणाले, ‘टॉवेल कशाला, तू तर आधीच कोरडा आहेस.’ यावर दोघं पुन्हा हसले. मी आत जाऊन भाकरीवर धुरातलं मटण ठेवून खाल्लं आणि तीन कप धुतले. त्यातले दोन मी वापरलेले नव्हते.

२ सप्टेंबर, रविवार

फ्लोकीने गाडीसाठी नवा फलक रंगवला. त्यात तीन चुका. तिन्ही इ च्या.

आमच्या भाषेत इ दोन. एक साधी, एक शेपटीची. तोंडातून दोन्ही सारख्याच निघतात, फरक फक्त डोळ्यांना. मी शाळा सोळाव्या वर्षी सोडली. परीक्षेच्या वर्गात मला श्वास घेता येईना. पण शुद्धलेखनात मला दहापैकी दहा होते आणि ते आजोबांमुळे. ‘बीदुर’ हा शब्द त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवला. साध्या इ चा बीदुर म्हणजे वाट पाहतो, थांबतो. शेपटीच्या इ चा बीदुर म्हणजे बोलावतो, या म्हणतो. ‘कुत्र्याचं ध्यानात ठेव,’ ते म्हणाले होते. ‘कुत्रं बोलावतं तेव्हा शेपूट हलवतं. वाट बघत पडलेलं असतं तेव्हा शेपूट दिसत नाही.’ त्यानंतर माझी त्या शब्दात चूक झालेली नाही.

मी फ्लोकीच्या तिन्ही चुका लाल खडूने दाखवल्या. तो म्हणाला, ‘अरे, इंग्रजांना काय कळणार आहे?’ मी म्हणालो, मला कळतं. तो म्हणाला, ‘मग तू एकटाच ये सहलीला.’

फलक मी रात्री पुसून पुन्हा रंगवला. सकाळी सोलरूनने त्याला शाबासकी दिली. तो म्हणाला की केटिलने केलं, आणि तेही ती हसण्यावारी नेईल अशा आवाजात म्हणाला. तिने हसण्यावारी नेलं.

१६ सप्टेंबर, रविवार

काल डोंगरावरची मेंढरं खाली क्रोकुरला आणली. फ्लोकीच्या हातात आजीचे हातमोजे होते. राखाडी, मनगटाशी दोन पांढऱ्या रेघांचे. आजी गेल्याला अकरा वर्षं झाली. तिने विणलेले सहा जोड उरले होते आणि ते पेटीत होते. मला वाटायचं ते ठेवायचे आहेत. मी कधी मागितले नाहीत. मागायचे असतात हे मला माहीत नव्हतं.

पण लिहायचं ते वेगळंच आहे. जेवण झाल्यावर मी सरबताचा घडा आणायला आत गेलो, तर आजोबा फ्लोकीला वही दाखवत होते. मोजणीची वही.

ती काळ्या मेणकापडाची आहे. १९६१ पासून दर ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी आजोबा हिमनदीच्या टोकाशी जातात. दगडांची रास आहे, रासेशी लोखंडी खुंटी आहे. एकाने फितीचं टोक खुंटीशी धरायचं, दुसऱ्याने फीत घेऊन बर्फाच्या कडेपर्यंत चालायचं. आकडा वहीत, एक प्रत राजधानीला. एका ओळीत पाच रकाने: तारीख, मोजणारा, टोक धरणारा, अंतर, शेरा. सत्तावन्न ओळी झाल्या, एकही खाडाखोड नाही. मोजणारा नेहमी गिसुर, म्हणजे आजोबा. टोक धरणारा आधी आजी, आणि २००७ पासून मी. अकरा वेळा माझं नाव आजोबांच्या अक्षरात आहे. जगात दुसऱ्या कुठल्याही वहीत मला इतक्या वेळा लिहिलेलं नाही.

यंदा ते वही पुढे देणार. उन्हाळ्यातच म्हणाले होते, ‘आता मोजणारा दुसरा बघायचा. माझा गुडघा खुंटीपुरताच आहे.’

मी दारात उभा होतो. फ्लोकीने रकान्यावर बोट ठेवून काहीतरी विचारलं. आजोबा म्हणाले, ‘तिथे तुझं नाव येईल, नीट शिकलास तर.’

मी सरबत न घेताच परत गेलो.

२१ सप्टेंबर, शुक्रवार

ठरवलं आहे की कामाच्या वेळेबाहेर फ्लोकीचा फोन घ्यायचा नाही. तसा नियमही नाही की घ्यावा.

७ ऑक्टोबर, रविवार

क्रोकुरला गेलो नाही. पुढच्या रविवारी, चौदाला, मोजणी. मला अजून कुणी काही सांगितलेलं नाही. अकरा वर्षांत कधी सांगावं लागलं नव्हतं हेही खरं, मी सरळ रासेपाशी जायचो आणि आजोबा तिथे असायचे. पण यंदाची गोष्ट वेगळी आहे. यंदा सांगायला हवं.

फितीला तेल लावून ठेवायचं माझ्याकडे असायचं. फीत मात्र क्रोकुरला आहे. त्याने लावलं असेल का? लावलं नसेल. गंज चढेल.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

आता मला कळलं. सगळं क्रमाने लिहितो.

दुपारी गाडीखाली होतो, तेल बदलत होतो. फोनवर फ्लोकीचे तीन फोन येऊन गेले: १३:१०, १३:२५, १४:०२. घेतले नाहीत. वर आलो तर स्टिअरिंगला त्याची चिठ्ठी चिकटवलेली, पाहुण्यांच्या यादीच्या पाठीवर लिहिलेली. तो दात दाखवायला राजधानीच्या बसने गेला होता. उद्या सहल नाही, परवा वादळ येणार म्हणून सोलरूनने दोन्ही दिवस रद्द केले आहेत.

चिठ्ठी जशीच्या तशी उतरवतो:

‘मोजणी उद्या. गिसुर आता बीदुर नाही.’

शेपटीची इ. स्वच्छ, मोठी, खाली वळवलेली शेपूट. बोलावत नाही. मोजणी उद्या, आणि गिसुर आता बोलावत नाही.

निदान तोंडावर सांगायचं होतं. चिठ्ठी कशाला, आणि त्याच्या हातची? पण बरं झालं. आता सगळं लेखी आहे.

१३ ऑक्टोबर, शनिवार

९:२०. गाडी आतून धुतली. वारा आग्नेयेचा, अजून मंद. आभाळ बर्फाचं.

१०:४५. पक्षी दाखवायची दुर्बीण खिडकीत लावली. हिमनदीचं टोक इथून सरळ रेषेत तीन किलोमीटर आहे. रासेपाशी आजोबांची हिरवी जीप उभी आहे. एक माणूस खाली दगडावर बसला आहे. एकटाच. म्हणजे मोजणारे महाशय अजून आलेले नाहीत. राजधानीची सकाळची बस साडेअकराशिवाय येत नाही. हे आजोबांना आधी कळायला हवं होतं, कुणावर विसंबायचं आणि कुणावर नाही.

११:३०. तसाच बसला आहे. मधेच उठून रस्त्याकडे पाहतो. मी त्यांच्या जागी असतो तर निघून गेलो असतो. मला आनंद होतो आहे, हे खरं ते लिहितो.

१२:४०. भाकरी आणि स्कीरचं घट्ट दही खाल्लं. फ्लोकी अजून नाही. आजोबांनी थर्मास उघडला. पाहून वाटलं की दोन कप काढले, पण इतक्या लांबून नक्की सांगता येत नाही.

१३:३५. बर्फ पडायला लागलं. आडवं. रास दिसत नाही. ते निघाले असतीलच. सत्तावन्न वर्षं तिथे मोजणी करणाऱ्या माणसाला हवा कळत असेलच.

१४:१०. दुर्बिणीत नुसतं पांढरं. जीप रस्त्यावरून जाताना दिसली नाही. मी सतत पाहत नव्हतो.

१४:५०. सतत पाहत होतो.

१४ ऑक्टोबर, रविवार

काल १५:२० ला दार वाजलं. फ्लोकी होता, बसमधून उतरून सरळ क्रोकुरला गेलेला आणि तिथून धावत आलेला. भुवयांवर बर्फ.

‘तू इथे?’ म्हणाला. ‘मग त्याच्याबरोबर कोण आहे?’

मी म्हणालो, तूच असायला हवास ना.

तो म्हणाला, ‘मी दाताला गेलो होतो, केटिल. तो तुझी वाट बघतोय.’

यानंतरचं मला क्रमाने आठवत नाही, आणि माझ्या बाबतीत असं होत नाही. दोऱ्या, काटे, दोन कांबळी, बॅटऱ्या घेतल्या. सोलरूनला बचाव पथकाला कळवायला सांगितलं. गाडी मी चालवली. फ्लोकी दार उघडं ठेवून बाहेर डोकं काढून रस्त्याच्या कडेचे पिवळे खुंट मोठ्याने मोजत होता. त्याचं मोजणं एकदाही चुकलं नाही.

आजोबा रासेच्या आडोशाला होते. एकट्याने मोजायला निघाले होते. फितीचं टोक खुंटीला बांधून सत्तर-ऐंशी पावलं गेले आणि पायाखालचा दगड फिरला. तिथून रासेपर्यंत ते कोपरांवर आले होते, फितीच्या आधाराने. ओठ निळे होते. मला पाहून म्हणाले, ‘आलास. जरा उशीर झाला.’ आणि मग फ्लोकीला म्हणाले, ‘मोजे दे, पोरा.’ फ्लोकीने आजीचे मोजे काढून त्यांच्या हातात चढवले. त्यांच्यासाठी एक जोड तरी घ्यावा, हे मला सुचलं नव्हतं.

घोटा दोन ठिकाणी मोडला आहे. फुप्फुसात पाणी आहे की नाही, ते उद्या सांगतील. दवाखान्यात त्यांचा कोट काढताना आतल्या खिशातून वही निघाली. मी घेतली. उघडली नाही. त्यात यंदाच्या ओळीत कुणाचं नाव आहे ते मला पाहायचं नाही.

१७ ऑक्टोबर, बुधवार

फुप्फुसं ठीक आहेत. घोट्यात स्क्रू घातले.

सोलरूनने आम्हा दोघांना शेडमध्ये उभं केलं. इतकी चिडलेली मी तिला पाहिली नव्हती. फ्लोकीला म्हणाली, ‘एक निरोप. एक निरोप देता येत नाही तुला?’

‘स्टिअरिंगला लावली होती चिठ्ठी,’ फ्लोकी म्हणाला.

ती माझ्याकडे वळली. मी म्हणालो, मला मिळाली नाही. वाऱ्याने उडाली असेल. त्याला दार उघडं टाकायची सवय आहेच.

चिठ्ठी त्या वेळी माझ्या छातीच्या खिशात होती.

फ्लोकी म्हणाला, ‘असेल. टाकलं असेन उघडं.’ आणि त्याने मी दुरुस्त केलेल्या बिजागरीकडे पाहिलं.

फोन का घेतला नाहीस, हेही तिने विचारलं. मी सांगितलं, गाडीखाली होतो. एका फोनच्या वेळी होतोही.

चूक त्याचीच आहे. शेपूट त्याने लावली, मी नाही. मी फक्त लिहिलं होतं ते वाचलं. फक्त ते सांगायला चिठ्ठी दाखवावी लागली असती, आणि दाखवली असती तर त्याची चूक सगळ्यांना दिसली असती, म्हणजे मला हवं तेच झालं असतं. मग मी का दाखवली नाही, ते मला नीट सांगता येत नाही.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

फ्लोकी जाणार आहे. सोलरूनने काढलं नाही, त्यानेच सांगितलं. माझ्या खोलीतलं सामान बांधून ठेवलं आहे. मला म्हणाला, ‘मी फोन चौथ्यांदा करायला हवा होता. माझा आजा असा गेला, वाट बघत. मला माहीत असायला हवं होतं.’

खोली मला परत मिळेल. आज तिथे जाऊन आलो. त्याने खिडकीचा कोयंडा बसवला आहे. तो मी दहा वर्षं बसवायचा म्हणत होतो.

झोप नाही.

२० ऑक्टोबर, शनिवार

सेल्फॉसला दवाखान्यात गेलो. ८६ किलोमीटर. चिठ्ठी बरोबर घेतली.

आजोबा खिडकीजवळ होते, पाय उंच टांगलेला. मी चिठ्ठी चादरीवर ठेवली. त्यांनी चष्मा लावून वाचली. मग पुन्हा वाचली.

‘शेपूट आहे,’ म्हणाले.

मी म्हणालो, आहे.

‘वादळ येणार म्हणून मी म्हणालो होतो, गिसुर आता थांबत नाही, उद्याच मोजू. केटिलला सांग.’ चिठ्ठी त्यांनी उलटी केली, पाहुण्यांची नावं वाचली, पुन्हा सुलटी केली. ‘मे महिन्यापासून त्या पोराचं एक अक्षर तू बरोबर धरलं नाहीस. आणि नेमकं हे धरलंस?’

मी चिठ्ठी परत घेऊन घडी घातली.

मग मी बाकीचंही सांगितलं. दुर्बीण. थर्मास. सोलरूनला काय म्हणालो ते. ते ऐकताना ते माझ्याकडे पाहत नव्हते, आणि मला ते बरं वाटलं. शेवटी म्हणाले, ‘दोन कप काढले होते. तुला बरोबर दिसलं.’

मी म्हणालो, मला वाटलं वही तू त्याला देतोयस.

‘त्याला?’ ते म्हणाले. ‘तो रकाने तिरके काढतो. त्याला मी टोक धरायला शिकवत होतो. फितीला दोन टोकं असतात, केटिल. मी गेल्यावर तुझं दुसरं टोक कोण धरणार होतं? तू तर कुणाचा फोनही घेत नाहीस.’

वही काढायला सांगितली. मी उघडली. अठ्ठावन्नावी ओळ त्या दिवशी सकाळीच लिहिलेली होती, त्यांच्या उभ्या अक्षरात. मोजणारा: केटिल. टोक धरणारा: गिसुर. पुढचे दोन रकाने कोरे होते.

‘पोराला जाऊ देऊ नकोस,’ ते म्हणाले. ‘आणि माझ्या नावावर रेघ मार. खाडाखोड झाली तर झाली.’

परतताना मी गाडी दोनदा बाजूला घेतली.

२१ ऑक्टोबर, रविवार

आधी सोलरूनला सांगितलं. ती मला जे बोलली ते इथे लिहीत नाही, ते सगळं खरं होतं.

मग क्रोकुरला गेलो. फ्लोकी पायरीवर बसची वाट पाहत बसला होता, पिशवी शेजारी. मी चिठ्ठी त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, उडाली नव्हती. मला मिळाली होती.

त्याने वाचली. ‘मग?’ म्हणाला. ‘बरोबर तर लिहिलंय.’

त्याला दिसतच नव्हतं. मी बोट ठेवून दाखवलं. कुत्र्याचं सांगितलं. त्याने त्या शेपटीवर अंगठा फिरवला. मला वाटलं आता मारेल. मी चष्मा काढून खिशात ठेवला.

‘म्हणजे तू तिथे बसून,’ तो म्हणाला, ‘दिवसभर…’

मी म्हणालो, हो.

‘माझ्यामुळे.’

मी म्हणालो, नाही. हा शब्द मला खूप अवघड गेला.

बस आली आणि गेली. त्याने पिशवी उचलली नाही, पण माझ्याशी बोललाही नाही. मी पायी परत आलो.

२७ ऑक्टोबर, शनिवार

बर्फ चार दिवस वितळलं. कडा उघडी पडली. सकाळी ९:०० ला रासेपाशी गेलो. फ्लोकी आधीच आला होता. मी बोलावलं नव्हतं. सोलरूनने सांगितलं असेल.

फीत खुंटीला तशीच बांधलेली होती, आजोबांची गाठ. त्याने ती सोडली आणि टोक हातात धरलं. खुंटीच्या बरोबर मध्यावर, अंगठा खाली, आजोबा धरतात तसं. मी चालत गेलो. ऐंशीव्या पावलाजवळ मातीवर कोपरांच्या खुणा असतील असं वाटलं होतं. नव्हत्या, सगळं वाहून गेलं होतं. बर्फाशी वाकून मी आकडा ओरडून सांगितला आणि त्याने तो तसाच परत सांगितला. वाऱ्यात तीनदा ओरडावं लागलं. गेल्या वर्षीपेक्षा ३८ मीटर मागे.

पाठ फिरवलेली नाही, असं मी मोठ्याने म्हणालो. तो ऐकण्याएवढा जवळ नव्हता.

वही गाडीत बसून लिहिली. गिसुर या नावावर पट्टी लावून एक सरळ रेघ मारली. वर लिहिलं: फ्लोकी. त्याने त्याच्या नावाची अक्षरं तपासली आणि म्हणाला, ‘हे तरी मला येतं.’ पंधरवड्यातली ही त्याची माझ्याशी पहिली थट्टा.

शेऱ्याच्या रकान्यात आजोबा हवा लिहितात. ‘पाऊस.’ ‘उत्तरेचा वारा, ऊन.’ मी हवा लिहिली नाही. मी लिहिलं: ‘१३ तारखेला मोजणी झाली नाही. गिसुर बीदुर.’

फ्लोकी खांद्यावरून वाचत होता. ‘कुठलं?’ त्याने विचारलं.

‘बिनशेपटीचं,’ मी म्हणालो.

संध्याकाळी दवाखान्यात फोन करून आजोबांना आकडा सांगितला. त्यांनी पुन्हा सांगायला लावला. मग आधी हे विचारलं की फ्लोकीचे पाय भिजले का, त्याला कोरडे मोजे दिले का. माझे पाय भिजले का, ते नंतर विचारलं, आणि तेही मी आठवण करून दिल्यावर.

किती वेळाने विचारलं, ते लिहून ठेवलेलं नाही.